बोलणाऱ्याला बक्षीस

आपल्याकडे 'हौशी' हा शब्द जरा दबक्या आवाजातच वापरतात. हौशी नट म्हणजे नोकरी सांभाळून नाटक करणारा, हौशी गायिका म्हणजे गणपतीत आणि हळदीकुंकवाला गाणारी. थोडक्यात, खरी नव्हे! पण सरकारने एक गोष्ट चांगली केली आहे. 'महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा' हे नाव बघा. 'हौशी' शब्द लपवलेला नाही, चांगला मिरवलाय. व्यावसायिक नाटकांची स्पर्धा वेगळी, यांची वेगळी. आणि बक्षीस नुसतं नट-नटीला नाही, नेपथ्याला आहे, प्रकाशयोजनेला आहे, रंगभूषेलाही आहे.

एक माणूस मात्र राहतोच. जो नाटक बघून येतो आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर चारचौघांना ते असं रंगवून सांगतो की ते चौघे पुढच्या प्रयोगाला जातात. त्याला आपण रिकामटेकडा म्हणतो.

हे डोक्यात आलं ते माझ्या नातवामुळे. तो पुण्यात असतो, नोकरी करतो, आणि शनिवारी रात्री दोन मित्रांना घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर माईक ठेवून बैठ्या खेळांबद्दल बोलतो. खेळतो तर खेळतो, वर त्याबद्दल तासभर बोलतो! याला पॉडकास्ट म्हणतात. (आमच्या आंबोलीत जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस असा काही असतो की वीज आणि रेंज दोन्ही देवाच्या भरवशावर. त्यामुळे त्याचे भाग मी एकदम दिवाळीनंतर ऐकते.) मी त्याला विचारलं, "अरे, याचे कोणी पैसे देतं का?" तर म्हणाला, "नाही गं आजी, पण परदेशात याला बक्षीस असतं." मला गंमत वाटली. खेळणाऱ्याला बक्षीस समजतं, खेळ तयार करणाऱ्याला समजतं. पण खेळाबद्दल नुसतं बोलणाऱ्याला?

मग बसले शोधत. बी.ए.ला इतिहास होता, ती खोड काही गेली नाही.

तर मंडळी, याची सुरुवात माईकपासून नाही, सायक्लोस्टाइलपासून आहे. जुन्या शिक्षकांना सांगायला नको... स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, हात आणि पदर दोन्ही निळे करून घटक चाचणीचे पेपर काढायचे. अमेरिकेतली वैज्ञानिक कथांची वेडी मंडळी याच यंत्रावर आपापली छोटी मासिकं काढत आणि पोस्टाने एकमेकांना पाठवत. त्या कथांसाठी ह्यूगो नावाचे पुरस्कार आहेत. १९५५ साली त्यांनी या घरगुती मासिकांसाठी वेगळा गट केला. कादंबरीला बक्षीस, कथेला बक्षीस, आणि त्याबद्दल घरबसल्या लिहिणाऱ्यालाही बक्षीस. मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मूळ या एका निर्णयात आहे.

खेळाच्या जगात हेच वीस वर्षांनी झालं. पटावर लढाया खेळायचा एक छंद तिकडे आहे. नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि पाठ्यपुस्तकाएवढे नियम. या मंडळींचं ओरिजिन्स नावाचं संमेलन १९७५ साली बाल्टिमोर शहरात सुरू झालं आणि त्याबरोबर बक्षिसंही. त्यात मासिकांचे दोन गट होते, व्यावसायिक वेगळा आणि हौशी वेगळा. आपल्या नाट्य स्पर्धेसारखंच की!

त्याच्या आदल्या वर्षी, १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. त्याला पट लागतोच असं नाही. एकजण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि काय होणार ते वीस बाजूंच्या फाशावर. नातवाने समजावल्यावर मी म्हटलं, हा तर आपला दशावतार! आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरलेली, पण राजा आणि राक्षस रंगमंचावर समोरासमोर आले की जे सुचेल ते बोलायचं. फरक एवढाच, की आमच्याकडे फासे नाहीत आणि तिकडे पेटी-मृदंग नाही.

या प्रकारच्या खेळांसाठी 'एनी' पुरस्कार निघाले २००१ साली, आणि पुढच्याच वर्षापासून ते जेन कॉन या मोठ्या संमेलनाशी जोडले गेले. हे जेन कॉन म्हणजे १९६८ साली लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात गायगॅक्सनेच सुरू केलेली जत्रा. २००३ पासून ती इंडियानापोलिस शहरात भरते. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ सालचा, ब्रिटनमधल्या 'गार्डियन' वर्तमानपत्रातल्या एका लेखातला. त्यानंतर थोड्याच वर्षांत एनीच्या यादीत नियमपुस्तकं, नकाशे, चित्रं यांच्या पंगतीत पॉडकास्टचंही पान मांडलं गेलं.

याची पद्धत मला फार आवडली. पाच परीक्षक असतात आणि ते कोणी नेमत नाही, खेळणारे लोकच दरवर्षी मतं देऊन निवडतात. परीक्षक सगळं वाचून, ऐकून थोडी नावं काढतात. मग त्यातून सुवर्ण आणि रौप्य कोणाला हे पुन्हा लोकच मत देऊन ठरवतात. परीक्षकांच्या हातात चाळणी असल्यामुळे तिघांनी स्वयंपाकघरात केलेला कार्यक्रमही यादीत येऊ शकतो. पण शेवटचं मत लोकांचं, म्हणजे ज्याचे ऐकणारे जास्त त्याचं पारडं जड. ग्रामपंचायतीपासून सगळीकडे हे असंच. केन हाइट आणि रॉबिन लॉज यांच्या पॉडकास्टला इथे एकाहून अधिक वेळा सुवर्ण मिळालं. दोघेही नावाजलेले खेळ-लेखक. कार्यक्रम त्यांचा स्वतःचा, कोणा कंपनीचा नव्हे, हे खरं. पण स्वयंपाकघरातल्या तिघांना त्यांच्याशी झुंजायचं म्हणजे आंतरशालेय स्पर्धेत प्राध्यापकांशी वादविवाद करण्यासारखं आहे.

हौशी कोणाला म्हणायचं, हा प्रश्न ह्यूगोवाल्यांनाही सुटला नव्हता. २०१० साली मेलबर्नच्या संमेलनात घरगुती मासिकाचं बक्षीस 'स्टारशिपसोफा'ला मिळालं, आणि ते मासिक नव्हतंच, पॉडकास्ट होतं! सायक्लोस्टाइलच्या जमान्यातल्या गटात ध्वनिफीत येऊन बसली. पुढे २०१२ पासून पॉडकास्टसाठी वेगळा गट निघाला. त्याचा नियम साधा आहे. धंदेवाईक नसलेला कार्यक्रम, आतापर्यंत किमान चार भाग, त्यातला एक तरी त्या वर्षातला. मासिकांच्या बाबतीत रेघ पैशावर मारली आहे. लेखकांना मानधन देत असाल किंवा अंक फक्त विकतच मिळत असेल, तर घरगुती गटात जागा नाही. ही रेघ मला पटते. माणूस किती नावाजलेला आहे ते मोजायला गेलं की भांडणं लागतात, पैसे मोजणं त्या मानाने सोपं.

आणि हौशी माणूस कायम हौशी राहतो असंही नाही. टॉम व्हॅसल नावाचे गृहस्थ दक्षिण कोरियात शिक्षक असताना पटावरच्या खेळांबद्दल लिहू-बोलू लागले. त्यातून 'डाइस टॉवर' उभा राहिला आणि पुढे त्या मंडळींनी स्वतःच खेळांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली. म्हणजे बक्षीस घेणारे बक्षीस देणारे झाले! शिक्षकी पेशाचा अभिमान म्हणून आणखी एक सांगते. जर्मनीत १९७९ पासून दरवर्षी उत्तम खेळाला 'श्पील देस यारेस' हे बक्षीस देतात, देणारे असतात खेळांवर लिहिणारे समीक्षक. पहिलं बक्षीस मिळालं सशाच्या आणि कासवाच्या शर्यतीवरच्या खेळाला. तो रचणारे इंग्लंडचे डेव्हिड पार्लेट भाषा शिकवायचे. पुढे त्यांनी पत्त्यांच्या खेळांच्या इतिहासावर आणि नियमांवर पुष्कळ लिहिलं.

पत्त्यांवर आले, तर आता जिथे यायचं होतं तिथे आले.

आंबोलीचा घाट उतरून तीसेक किलोमीटर गेलं की सावंतवाडी. माझं आजोळ. तिथली गंजिफा तुम्ही ऐकली असेल, निदान राजवाड्यात काचेमागे पाहिली असेल. गोल पानं, हातावर मावतील एवढी. कापड आणि चिंचोक्याची खळ यांचे थर, त्यावर खडूची पूड, मग रंग, मग लाखेची चकाकी. हा खेळ मुसलमानी राजवटींबरोबर आला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफाची पानं भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. अकबराच्या पानांचं वर्णन अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त केलं आहे. मग आपल्याकडच्या कोणी तरी त्यात दशावतार आणले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण एकशे वीस. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. पाढे शिकवायला यापेक्षा सुंदर साधन मला आयुष्यात मिळालं नसतं.

माझ्या आईचे मामा हा खेळ खेळत. १९५८-५९ची गोष्ट असेल, मी सहा-सात वर्षांची. पावसाळ्यात दुपारी ओटीवर चादर पसरायची आणि तिघं म्हातारे बसायचे. प्रत्येकाला चाळीस पानं. ती हातात धरायची कशी हेच मला कोडं, पण ते बरोबर पंख्यासारखी धरत. हुकूम नसतो. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिला उतरणार आणि रात्री खेळलं तर कृष्णाचा राजा असलेला, हे मला पाठ होतं, कारण त्यांच्यातलं भांडण नेहमी तिन्हीसांजेला लागे. आता दिवस म्हणायचा की रात्र? निम्म्या रंगांत दहा मोठं आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा, हे कळायचं पण लक्षात राहायचं नाही. मी मध्ये बोलले की मामाआजोबा म्हणत, "गो, गप बस, पानां मोजतंय!"

कारण सगळी हुशारी मोजण्यात. कोणती पानं गेली, कोणाच्या हातात काय उरलं, हे एकशे वीस पानांचं डोक्यात ठेवायचं. त्या तिघांतले एक मुंबईला मुलाकडे गेले आणि डाव थांबला. चौथा कोणी शिकलेलाच नव्हता. मामाआजोबांनी पानं डब्यात घातली, डबा माळ्यावर गेला.

सावंतवाडीत घरोघर असंच होत गेलं असणार. छापील इंग्रजी पत्ते स्वस्त, खेळ सोपे, कोण कशाला एकशे वीस पानं रंगवून घेईल? १९७०च्या दशकात गंजिफा करणारे पुंडलिक चितारी वृद्ध झालेले होते, आणि त्यांच्याबरोबर ही कला संपली असती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि पानं पुन्हा तयार होऊ लागली. राणीसाहेब स्वतः रंगवत. २०१८ साली त्या गेल्या तेव्हा आमच्या भागात सगळ्यांनाच चुटपुट लागली. या माणसांचे उपकार आहेत, त्यात शंका नाही.

पुढे मानही मिळाला. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरची गंजिफा जमवली, अभ्यासली, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या ग्रंथासह प्रदर्शन झालं. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं, लाकडी खेळण्यांच्या बरोबरीने. चितारआळीत पेढे वाटावेत अशीच गोष्ट.

पण हा सगळा मान कशाचा आहे ते नीट बघा. पानांचा आहे, म्हणजे रंगाचा, लाखेचा, हाताच्या कसबाचा. मानांकनाच्या कायद्यात वस्तू लागते, ती बनते ते गाव लागतं. संग्रहालयाला वस्तू लागते. डाव ही काही वस्तू नाही, तो काचेत मावत नाही. राजवाड्यातून गंजिफाचा संच घेऊन जाणारे पर्यटक मी कितीतरी पाहिले. सुंदर पेटी असते, दिवाणखान्यात ठेवतात. तिघं बसून खेळलेले ओळखीत कोणी नाहीत. पानं राहिली, पण मामाआजोबांचं ते मोजणं कुठे गेलं?

एवढं होऊनही खेळाच्या माणसांना आपल्याकडे कमी लेखलं जातं असं मी म्हणणार नाही. हुतूतू आणि खो-खोचं नशीब बघा. हे खेळही गल्लोगल्ली वेगळे होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बसवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले खेळ दाखवले. बडोद्याहून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. म्हणजे मैदानी खेळांना नियम लिहिणारी, त्याबद्दल बोलणारी हौशी माणसं मिळाली आणि समाजाने त्यांना मान दिला. क्रिकेटला तर काय, बाळ ज. पंडितांचा आवाज होता. ज्या बायकांनी उभ्या जन्मात बॅट धरली नाही त्यांना रेडिओवरच्या त्यांच्या मराठीतून क्रिकेट कळू लागलं, त्यातली मी एक. बैठ्या खेळांना मात्र कोणी वाली नव्हता. पत्ते कुटणं म्हणजे वेळ घालवणं! त्यात गंजिफावर पैसे लावून 'नक्श'ही खेळत, म्हणजे जुगाराची बदनामी. त्या खेळाबद्दल भल्या माणसाने बोलायचं कसं?

म्हैसूरला थोडं वेगळं झालं. तिथे मुम्मडी कृष्णराज वोडेयर महाराजांना एकोणिसाव्या शतकात पत्त्यांचं एवढं वेड की त्यांनी स्वतः नवे नवे खेळ रचले आणि ग्रंथात त्यांची वर्णनं करवून घेतली. आज म्हैसूरची पानं कोणी अभ्यासायला घेतली तर हाताशी तो ग्रंथ आहे. आमच्या तिघा म्हाताऱ्यांचं भांडण कोणी लिहून घेतलं? राजा असेल तर नोंद होते, ओटीवरचा म्हातारा असेल तर होत नाही.

म्हणून मला त्या पॉडकास्टच्या बक्षिसाचं महत्त्व कळलं. बक्षीस म्हणजे काय, एक मानचिन्ह आणि टाळ्या. पण ते असतं म्हणून पुण्यातला एक मुलगा नियम नीट वाचतो, चुकीचं सांगितलं तर पुढच्या भागात दुरुस्त करतो, चार भाग सलग करतो. ऐकणारा मग तीन मित्र जमवून बसतो. खेळ दुकानातून घरी येतो ते पैशाने, पण घरातून डावावर येतो तो अशा बोलणाऱ्यामुळे. पार्लेट बक्षीस मिळाल्यावर थांबले नाहीत, जुने खेळ कसे खेळत ते लिहीत राहिले, ते मला त्या सशा-कासवापेक्षा मोठं वाटतं. आणि हा बोलणारा कुठल्या कंपनीचा नसावा हेही बरोबर आहे. कंपनीचा माणूस नवा खेळ विकेल. माळ्यावरच्या डब्याबद्दल बोलून त्याला काय मिळणार?

नातवाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, मग तूच ये की एका भागात." गेल्या मे महिन्यात तो आला तेव्हा आम्ही रेकॉर्डिंग केलं. पाऊण तास मी बोलले. मागे कोंबडा आणि कुकरची शिट्टी दोन्ही आहेत, त्याने काढली नाहीत, म्हणाला असू देत. त्यानंतर तो, त्याची बहीण आणि मी, तिघं चादर पसरून बसलो. संच सावंतवाडीहून आणलेला, नवा. चाळीस पानं माझ्या हातात आता राहत नाहीत, मी ती ताटात लावली. सहा-सात हात बरे झाले आणि मग अडलो. एखाद्याकडे त्या रंगाचं पान नसेल तर त्याने काय टाकायचं, वरचं पान हातात असूनही राखून ठेवता येतं का, आणि शेवटी हिशोब पानांवर करायचा की हातांवर? छापील माहितीत एक सांगितलंय, मामाआजोबा करत ते मला वेगळं आठवतं.

तेव्हा सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, बांदा, पेडणे या बाजूच्या नातेवाईकांना विनंती. तुमच्या घरी कोणी गंजिफा खेळलेलं माणूस असेल, नव्वदीचं असलं तरी चालेल, तर मला फोन करा. मी येईन. रेकॉर्डिंगचं यंत्र नातवाने माझ्याकडे ठेवलं आहे, कळ कुठली दाबायची ते वहीत लिहून घेतलंय. आणि तिन्हीसांजेला राम की कृष्ण, हे आधी विचारा.